पेटीतल्या आकड्यांची भाषा

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखले जाते. पैंजण, जोडवी, करदोडे यांचे काम येथे घरोघरी चालते. चांदी मुशीत वितळवायची, तिची लगड ओतायची, ती रुळांमधून दाबून पट्टी करायची किंवा बारीक बारीक छिद्रांतून ओढून तार काढायची, मधूनमधून ती तापवून मऊ करायची आणि शेवटी घासूनपुसून चकाकी आणायची. यांतली बरीच कामे पूर्वी हाताने होत. आता रुळांना मोटर असते आणि विजेच्या भट्टीला तापमान-नियंत्रक असतो. म्हणजेच चांदीच्या कारखान्यात भिंतीवर एक पत्र्याची पेटी आलीच. पेटीच्या दारावर हिरवे आणि तांबडे बटण असते. दाराच्या आतल्या बाजूला एक आकृती चिकटवलेली असते आणि तीत रेघांच्या टोकांना आकडे दिलेले असतात: १३, १४, २१, २२, ९५, ९६, ए१, ए२.

मुलांना ही पेटी नवीन नसते. शेतातल्या विहिरीवर किंवा नदीकाठच्या पंपावर मोटरीचा स्टार्टर त्यांनी पाहिलेला असतो. पण ते आकडे पाहिले की वाटते, कारखानदाराने मनाला येतील तसे ते दिले असावेत. तसे ते नाहीत. गाडीच्या पाटीवर ‘एमएच ०९’ दिसले, की ती कोल्हापूरला नोंदलेली आहे हे जाणत्याला कळते. या आकड्यांचेही तसेच आहे. त्यांत माहिती भरलेली आहे आणि ती वाचण्यासाठी एकक आणि दशक स्थान माहीत असणे जवळपास पुरेसे आहे. ही माहिती चुकीची वाचली, तर काय होऊ शकते हेही आपण पाहणार आहोत. (प्रत्यक्ष उपकरणांवर अक्षरे रोमन लिपीत असतात. येथे ती देवनागरीत लिहिली आहेत.)

एका टोकाविषयी तीन प्रश्न

तार जेथे स्क्रूखाली कसतात, त्या टोकाला टर्मिनल म्हणतात. आकृतीतल्या टर्मिनलजवळचे लेबल तीनपैकी एका प्रश्नाचे उत्तर देत असते.

पहिला प्रश्न, हे टोक कोणत्या उपकरणाचे आहे? त्यासाठी उपकरणाला नाव असते. रूढ आकृत्यांत के१ म्हणजे कॉन्टॅक्टर, एफ१ म्हणजे संरक्षक उपकरण, एस१ म्हणजे बटण, एम१ म्हणजे मोटर आणि एक्स१ म्हणजे तारा जोडण्याची पट्टी. नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मोटरीच्या कॉन्टॅक्टरला क्यू हे अक्षर देतात. म्हणून जुनी व नवी आकृती शेजारी ठेवली, तर अक्षरे वेगळी दिसू शकतात.

दुसरा प्रश्न, हे टोक काय काम करते? याचे उत्तर १३, १४, ए१ अशा आकड्यांत असते.

तिसरा प्रश्न, येथे कोणती तार येते? तारेच्या टोकावर नळीसारखी छोटी आकड्यांची कडी चढवलेली असते. तिला कारागीर फेरूल म्हणतात. फेरूलवरचा आकडा तारेचा असतो, टर्मिनलचा नसतो. तारेवर ७ आणि तिच्याखालच्या टर्मिनलवर १४ असे दिसले, तर त्यात विरोध काहीच नाही.

हे तीन प्रश्न वेगळे ठेवले, की निम्मा गोंधळ मिटतो. एकाच पेटीत ‘१३’ हा आकडा तीन ठिकाणी सापडू शकतो. वर्गात संतोष नावाची तीन मुले असली, की आपण आडनाव घेतो. तसे येथे पूर्ण नाव घ्यायचे, म्हणजे के१ चा १३, एस२ चा १३.

आणखी एक गोष्ट. आकृतीत एकच उपकरण तुकड्यातुकड्यांनी काढलेले असते. के१ ची कॉइल एका कोपऱ्यात, तर त्याचे संपर्क भलत्याच ठिकाणी दिसतात. पेटीत मात्र तो एकच काळा ठोकळा असतो. आकृती उपकरणाचे चित्र दाखवत नाही. वीज कोणत्या वाटेने जाते, एवढेच ती दाखवते. विखुरलेले तुकडे के१ या नावाने ओळखायचे.

एककाच्या घरात स्वभाव

कॉन्टॅक्टर म्हणजे विजेने चालणारे मोठे बटण. त्याच्या कॉइलमधून वीज गेली, की ती लोहचुंबक बनते, लोखंडी गाभ्याचा सुटा भाग ओढून घेते आणि त्याबरोबर संपर्क सरकतात. कॉइलची दोन टोके नेहमी ए१ आणि ए२. मोटरीकडे जाणारा मोठा प्रवाह वाहणाऱ्या मुख्य संपर्कांना एक अंकी आकडे असतात. १, ३, ५ या विषम टोकांना पुरवठा येतो आणि २, ४, ६ या सम टोकांतून तो मोटरीकडे जातो. त्यांच्याजवळच एल१, एल२, एल३ आणि टी१, टी२, टी३ असेही लिहिलेले असते.

नियंत्रणासाठी छोटे, साहाय्यक संपर्क असतात. त्यांना दोन अंकी आकडे असतात आणि खरी गंमत येथे आहे. दशकाचा अंक सांगतो, संपर्क कितवा. एककाचा अंक सांगतो, त्याचा स्वभाव काय:

एककाच्या घरात १ आणि २ – एरवी जोडलेला (एनसी)
एककाच्या घरात ३ आणि ४ – एरवी तुटलेला (एनओ)
एककाच्या घरात ५ आणि ६ – एरवी जोडलेला, पण विशेष कामाचा
एककाच्या घरात ७ आणि ८ – एरवी तुटलेला, पण विशेष कामाचा

आता १३–१४ वाचून पाहू. दशकात १ म्हणजे पहिला संपर्क, एककात ३ आणि ४ म्हणजे एरवी तुटलेला. २१–२२ म्हणजे दुसरा संपर्क, एरवी जोडलेला. ४३–४४ म्हणजे चौथा, एरवी तुटलेला. विशेष काम म्हणजे वेळ लावून किंवा मोटर जास्त तापल्यावर चालणारा संपर्क. मोटरीवर अतिभार आला की सुटणाऱ्या ओव्हरलोड रिलेवर ९५–९६ आणि ९७–९८ हे आकडे असतात. ९ हा आकडा अतिभारापासून रक्षण करणाऱ्या उपकरणांसाठी राखलेला आहे. ९५–९६ अतिभार आल्यावर तुटतो आणि मोटर थांबवतो. ९७–९८ त्याच वेळी जोडला जातो, म्हणून त्यावर धोक्याचा दिवा लावतात.

तीन टोकांचा, दोन्हीकडे सरकणारा संपर्कही याच नियमात बसतो. ११–१२–१४ मध्ये ११ हे दोघांचे सामाईक टोक, ११–१२ एरवी जोडलेले, ११–१४ एरवी तुटलेले. टायमरवर १५–१६–१८ दिसते. तो कसा वाचायचा, हे मुलांना विचारून पाहावे. नियम कळलेला मुलगा बरोबर उत्तर देतो.

ही पद्धत युरोपातून आली आणि पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या (आयईसी, स्थापना १९०६) प्रमाणकांत गेली. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने तीच प्रमाणके ‘आयएस/आयईसी ६०९४७’ या मालिकेत स्वीकारली आहेत. त्यामुळे कॉन्टॅक्टर कोणत्याही देशात बनलेला असो, १३–१४ चा अर्थ बदलत नाही. अगदी जुन्या किंवा स्वस्त स्टार्टरवर हे आकडे नसतीलही. अशा वेळी आतली आकृतीच आधाराला असते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ए१–ए२ हे आकडे कॉइल कोणती ते सांगतात, ती किती व्होल्टची ते सांगत नाहीत. ती २३० व्होल्टची असू शकते, ४१५ ची असू शकते किंवा २४ ची. ते कॉइलवर वेगळे छापलेले असते आणि तेही वाचावेच लागते.

‘एरवी’ म्हणजे केव्हा?

एनओ आणि एनसी यांतला ‘नॉर्मली’ हा शब्द फसवा आहे. यंत्र नेहमीप्रमाणे चालू असतानाची स्थिती, असा त्याचा अर्थ सहज घेतला जातो. तसा तो नाही. उपकरण खोक्यातून काढून टेबलावर ठेवले आहे, त्याला वीज नाही, बटणावर बोट नाही, अशा वेळची स्थिती म्हणजे ‘एरवी’. कारखाना दिवसभर चालू असेल, तर कॉन्टॅक्टरचा ‘एरवी तुटलेला’ १३–१४ दिवसभर जोडलेलाच असतो. आकृतीही याच नियमाने, सगळी वीज बंद आहे असे धरून काढलेली असते.

थांबवायचे बटण उलटे का?

आता स्टार्टरमधली वाट चालून पाहू. फेज निघते, ओव्हरलोडच्या ९५–९६ मधून जाते, मग थांबवायच्या तांबड्या बटणातून जाते. हे बटण एरवी जोडलेले असते. पुढे सुरू करायचे हिरवे बटण, ते एरवी तुटलेले. तेथून ए१, कॉइल, ए२ आणि न्यूट्रल. हिरवे बटण दाबले की कॉइलला वीज मिळते आणि कॉन्टॅक्टर ओढला जातो. पण बोट काढले तर? यासाठी के१ चा १३–१४ हा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. कॉन्टॅक्टर ओढला गेला की तो जोडला जातो आणि बोट काढले तरी वाट चालू राहते. कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो.

समजा, कोणी आकडे न पाहता १३–१४ ऐवजी २१–२२ या टोकांना त्या तारा जोडल्या. हा संपर्क एरवी जोडलेला. म्हणजे पेटीला वीज मिळताच, बटण न दाबता, कॉन्टॅक्टर ओढला जाईल. लगेच हा संपर्क तुटेल, कॉन्टॅक्टर सुटेल, पुन्हा ओढला जाईल. पेटी तडतडू लागेल आणि रूळ धक्के देत फिरू लागतील. फरक फक्त एककाच्या अंकाचा.

थांबवायचे बटण एरवी जोडलेले ठेवण्यामागेही विचार आहे. बटणाकडे जाणारी तार उंदराने कुरतडली किंवा स्क्रू ढिला होऊन निसटली असे समजू. वाट तुटली, मोटर थांबली. काम अडले, पण बोटे शाबूत राहिली. याउलट, जोडल्यावर थांबवणारे बटण असते, तर तुटलेली तार कोणाच्या लक्षातही आली नसती. रुळांत हात ओढला जाताना बटण दाबले असते, तेव्हा ती कळली असती. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, असा हा हिशेब आहे. ९५–९६ एरवी जोडलेला असतो, तोही याच कारणाने.

वीज गेली की काय होते तेही पाहा. कॉइल सुटते, १३–१४ तुटतो. वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, हिरवे बटण पुन्हा दाबावे लागते. शेतीपंपांना ‘ऑटोस्विच’ लावून ही सोय मोडली जाते, म्हणजे रात्री वीज आली की पंप आपला आपण चालू होतो. सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरणने ते काढण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे. चांदीच्या रुळांवर असा स्विच लावणे तर फारच धोक्याचे. वीज गेली म्हणून कारागीर अडकलेली पट्टी हाताने सोडवत असेल आणि तेवढ्यात वीज येईल.

मोटरीचे सहा स्क्रू

थ्री फेज मोटरीचे झाकण काढले, की बहुधा सहा टोके दिसतात. तीन गुंडाळ्या, प्रत्येकीची दोन टोके: यू१–यू२, व्ही१–व्ही२, डब्ल्यू१–डब्ल्यू२. येथे अक्षर गुंडाळीचे नाव सांगते आणि अंक तिचे टोक सांगतो, १ आरंभ, २ शेवट. जुन्या मोटरींवर यू–एक्स, व्ही–वाय, डब्ल्यू–झेड अशा जोड्याही असत.

खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१ असे क्रमाने असतात. वरच्या ओळीत मात्र डब्ल्यू२, यू२, व्ही२ असतात, म्हणजे क्रम एक घर सरकलेला. हा वेंधळेपणा नाही. वरची तिन्ही टोके आडव्या पट्ट्यांनी जोडली की स्टार जोडणी होते. त्याच पट्ट्या उभ्या लावल्या की प्रत्येक गुंडाळीचा आरंभ शेजारणीच्या शेवटाला जोडला जातो आणि डेल्टा जोडणी होते. क्रम सरकवला नसता, तर उभी पट्टी यू१ ला यू२ शी जोडून प्रत्येक गुंडाळीची दोन टोके एकत्र बांधून बसली असती. कागदावर सहा ठिपके काढून मुलांना हे स्वतः शोधू द्यावे.

रंग आणि अक्षर

तारांना रंग असतातच, मग अक्षरांची कटकट कशाला? कारण रंग देशोदेशी वेगळे आहेत. आपल्याकडे तांबडा, पिवळा, निळा हे तीन फेजचे रूढ रंग आणि काळा न्यूट्रलचा. युरोपीय पद्धतीत तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. युरोपातून आलेल्या यंत्रातली काळी तार आपल्या सवयीने न्यूट्रल समजली, तर हात फेजवर पडेल. तारेच्या टोकाशी एल२ लिहिलेले वाचले, तर पडणार नाही.

भट्टीत हा फरक आणखी ठळकपणे दिसतो. तिच्यातले तापमान थर्मोकपलने मोजतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे एक टोक जोडून तापवले, की दुसऱ्या टोकांमध्ये अल्पसा विद्युतदाब मिळतो. झेबेक यांनी १८२१ मध्ये हा परिणाम पाहिला. भट्ट्यांत नेहमी वापरला जाणारा ‘के’ प्रकार क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंचा असतो. शुद्ध चांदी ९६१.७८ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्या तापमानाला या थर्मोकपलमध्ये सुमारे ४० मिलिव्होल्ट मिळतात. हा ९६१.७८ आकडा साधा नाही. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान-श्रेणीत चांदीचा गोठणबिंदू हा मापनाचा एक ठरीव टप्पा आहे. हुपरीच्या मुशीत रोज जे घडते, त्याचाच आधार जगभरच्या प्रयोगशाळा घेतात.

थर्मोकपलला धन आणि ऋण टोक असते आणि नियंत्रकावर तशी चिन्हे असतात. ती उलट जोडली तर? भट्टी थंड असताना काहीच कळत नाही. दोन्ही टोके सारख्याच तापमानाला, त्यामुळे दाब शून्य आणि नियंत्रक खोलीचे ३० अंश बरोबर दाखवतो. भट्टी ६० अंशांपर्यंत तापली की तो शून्याच्या आसपास दाखवतो आणि मग शून्याखाली उतरत जातो. नियंत्रकाला वाटते, भट्टी गारठत आहे, म्हणून तो आणखी तापवतो. मऊ करण्यासाठी ठेवलेल्या पट्ट्यांचा गोळा व्हायला वेळ लागत नाही. त्यातही तांबे मिसळलेली चांदी शुद्ध चांदीपेक्षा कमी तापमानालाच वितळू लागते.

ही चूक होण्याचे एक मोठे कारण म्हणजे रंग. अमेरिकी पद्धतीत ‘के’ थर्मोकपलची तांबडी तार ऋण असते आणि पिवळी धन. तांबडी म्हणजे धन, ही आपली सवय येथे नेमकी उलटी पडते. आयईसीच्या पद्धतीत हिरवी धन, पांढरी ऋण. शंका असेल तर लोहचुंबक घ्यावा. अल्युमेलची तार त्याला चिकटते आणि ती ऋण. क्रोमेलची चिकटत नाही. भट्टी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटे आकडा चढतो की उतरतो, एवढे पाहिले तरी चूक पकडता येते.

तापमान-नियंत्रकाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. कॉन्टॅक्टरचे १३–१४ ही सर्वांची भाषा आहे, पण नियंत्रकाच्या पाठीवरचे १, २, ३ हे फक्त त्या कंपनीचे घरक्रमांक आहेत. समोरून ४८ किंवा ९६ मिलिमीटर चौरस ही मापे मात्र सर्रास असतात. त्यामुळे जुना नियंत्रक काढून दुसऱ्या बनावटीचा बसवला, तर तो खाचेत चपखल बसतो. तारा जुन्याच आकड्यांवर कसल्या, तर थर्मोकपलच्या टोकांवर २३० व्होल्ट येऊ शकतात. येथे आकड्यावर न जाता त्याशेजारचे शब्द वाचायचे: एल आणि एन म्हणजे पुरवठा, टीसी म्हणजे थर्मोकपल, सी–एनओ–एनसी म्हणजे आतला रिले. भट्टीच्या कॉन्टॅक्टरची वाट सी आणि एनओ मधून न्यायची, म्हणजे नियंत्रक बंद पडला तर भट्टीही बंद पडेल. तांबड्या बटणाचाच हिशेब येथे पुन्हा आला.

वर्गात करून पाहू

शाळेत स्टार्टर उघडायचा नाही, चालू तर नाहीच नाही. त्याऐवजी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून १२ व्होल्टचा, पाच पायांचा ‘चेंजओव्हर’ रिले आणावा. त्याच्या पायांवरही आकडे आहेत: ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए. ही निराळी भाषा आहे, जर्मन वाहन-प्रमाणकातून आलेली. तिचा अर्थ मुलांना आधी सांगू नये.

१. दोन सेल आणि टॉर्चचा दिवा घेऊन तपासणी-दिवा बनवावा. रिलेच्या दोन-दोन पायांना टेकवून दिवा कोठे लागतो ते वहीत टिपावे. ३० आणि ८७ए मध्ये लागेल. ही ‘एरवी’ची स्थिती.

२. आठ सेल एका ओळीत जोडून सुमारे १२ व्होल्ट मिळवावेत. ८६ ला धन, ८५ ला ऋण टोक लावावे. ‘टक’ असा आवाज येईल. आता पुन्हा तपासावे. दिवा ३० आणि ८७ मध्ये लागेल. कॉइल, एनओ आणि एनसी कोणते, हे मुलांनीच ठरवावे आणि कॉन्टॅक्टरच्या भाषेत त्यांना ए१, ए२, ११, १२, १४ पैकी काय म्हणता येईल, ते लिहावे. (कॉइलच्या तारा सोडवताना बारीक झटका बसू शकतो, म्हणून उघडी टोके दोन्ही हातांत धरू नयेत.)

३. पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकवून, दाबल्यावर सुटणारे ‘थांबवा’ बटण करावे आणि एकमेकींपासून दूर ठेवून ‘सुरू’ बटण करावे. धन टोक, थांबवा, सुरू, ८६ अशी वाट करावी आणि ३०–८७ सुरू बटणाला समांतर जोडावेत. ८५ ऋण टोकाला. कॉइलला समांतर एक एलईडी १ किलोओहमच्या रोधासह लावावा. सुरू दाबून सोडले तरी एलईडी लागलेला राहील. मग एक सेल क्षणभर काढून पुन्हा बसवावा. एलईडी विझेल आणि विझलेलाच राहील. शेवटी ‘थांबवा’ बटणाची तार मुद्दाम तोडावी आणि काय होते ते पाहावे.

एवढे झाल्यावर मुलांना एखाद्या स्टार्टरच्या आकृतीची प्रत द्यावी. तारांचे जंजाळ त्यांना आता तसे दिसणार नाही. १३–१४ दिसला की हा धरून ठेवणारा, ९५–९६ दिसला की हा वाचवणारा, असे ते वाचू लागतील. हुपरी आणि आसपासच्या गावांतली बरीच मुले पुढे अशाच पेट्यांसमोर काम करतात. आकडा पाहून तार लावायची, आकडा नसेल तर आकृती पाहायची आणि दोन्ही नसतील तर वीज बंद करून तपासायची, एवढी सवय त्यांनी शाळेतून नेली तरी पुष्कळ झाले.